बटण दाबलं की नुसतं ‘टक्’

पत्र: आमच्याकडे काकांची १९७२ सालची होंडा सीबी ३५० आहे. बोटीवर नोकरी करणाऱ्या गोव्यातल्या एका गृहस्थांकडून त्यांनी ती सेकंडहँड घेतली होती. काका गेल्यावर गाडी गोठ्याशेजारच्या खोलीत पडून राहिली. यंदा उन्हाळ्यात मी ती बेळगावला नेऊन पूर्ण खोलली, फ्रेम आणि हँडलला पावडर कोटिंग करून घेतलं, नवी बॅटरी घातली, हेडलाइटला हॅलोजन बल्ब बसवला आणि खाली दोन फॉग लॅम्प लावले. आता सेल्फचं बटण दाबलं की कधी काहीच होत नाही, कधी ‘टक्’ एवढाच आवाज येतो. लाइट मात्र झकास लागतात. किकवर सुरू होते, पण रात्री खानापूरहून बेळगावला जाऊन आलं की बॅटरी बसते आणि मग किकलाही दाद देत नाही. एक मेस्त्री म्हणतो आर्मेचर गेलं, दुसरा म्हणतो चार्जिंग कॉइल गेली. तिसरा म्हणतो मोठी बॅटरी घाल, नाहीतर जुनं वायरिंग काढून नव्या गाडीचं टाक. खंडेनवमीला गाडी पुजायची आहे, त्यानंतर चोर्ला घाटातून गोव्याला न्यायची आहे. काय करावं?
– एक वाचक, नंदगड परिसर, ता. खानापूर

उत्तर:

आर्मेचर (सेल्फच्या मोटारीचा फिरणारा भाग) मागवणार असाल तर आधी थांबा. वीज तयार करणारी चार्जिंग कॉइलही नको. तुम्ही दिलेल्या माहितीवरून यातला एकही भाग गेल्याचं सिद्ध होत नाही. गाडी खोलायच्या आधी सेल्फ लागत होता की नाही हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण पावडर कोटिंग झालं आणि मग बटणाने दगा दिला हा क्रम मला पुरेसा बोलका वाटतो.

पावडर कोटिंग हा भट्टीत भाजून बसवलेला प्लॅस्टिकचाच थर असतो. दिसायला देखणा, गंजाला पक्का आणि विजेला बंद. तुमच्या गाडीत बॅटरीच्या पॉझिटिव्हकडून निघालेला करंट वायरीतून कामावर जातो, पण परत येतो तो बहुतेक वेळा लोखंडातून: इंजिनाच्या केसमधून, फ्रेममधून, हँडलमधून. जिथे बोल्ट कोऱ्या धातूवर बसायचा तिथे आता रंगाचा थर आला, की परतीची वाट अडली. आपल्याकडचे बरेच मेस्त्री जाण्याची वाट अगदी बारकाईने तपासतात आणि परतीची वाट ‘अर्थिंग काय, असतंच’ म्हणून सोडून देतात.

तुमच्या मॉडेलमध्ये तर आणखी एक गंमत आहे, आणि ती माहीत नसल्याने भले भले फसतात. आजकालच्या बऱ्याच गाड्यांत सेल्फचं बटण दाबलं की ते रिलेला (मोटारीचा मोठा करंट जोडणाऱ्या विजेच्या स्विचला) पॉझिटिव्ह देतं. त्या काळच्या होंडात उलटं आहे. इग्निशन चालू केलं की काळ्या वायरीने रिलेला पॉझिटिव्ह आधीच मिळालेला असतो. रिलेची दुसरी वायर, पिवळी आणि तिच्यावर लाल रेघ, हँडलवरच्या बटणाकडे जाते आणि बटण तिला अर्थ करतं, म्हणजे परतीच्या वाटेला जोडतं. हा अर्थ मिळतो खुद्द हँडलच्या नळीतून. म्हणजे हँडल हा तुमच्या सेल्फच्या सर्किटचा भाग आहे, आणि त्यालाच तुम्ही आतबाहेर कोट करून घेतलंत. नळीवर रंग, क्लॅम्पवर रंग, खाली फोर्कच्या ब्रॅकेटवर रंग. तिथून पुढचा करंट ग्रीस भरलेल्या स्टिअरिंगच्या छऱ्यांमधून फ्रेमला पोचायचा. हँडल इकडे वळवलं की लागतो आणि तिकडे वळवलं की लागत नाही, असं होतंय का ते बघा. होत असेल तर अर्धं निदान तिथेच झालं.

हे तपासायला दोन मिनिटं लागतात. गाडी न्यूट्रलला घ्या, इग्निशन चालू करा. रिलेजवळचा पिवळ्या-लाल वायरीचा कपलर (वायरींचा जोड) सोडवा आणि रिलेकडून आलेलं टोक एका जोडवायरीने थेट बॅटरीच्या निगेटिव्ह पोलला टेकवा. रिले खणखणीत वाजून सेल्फ फिरला, तर रिले, मोटार, बॅटरी सगळं शाबूत आहे. दोष बटणात किंवा हँडलच्या अर्थिंगमध्ये. तरीही काहीच नाही, तर काळ्या वायरीवर १२ व्होल्ट येतात का बघा. येत नसतील तर इग्निशन स्विच किंवा त्याचा कपलर. रंगांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. पन्नास वर्षांत कुणी कुठली वायर कुठे जोडली असेल सांगता येत नाही. मॉडेलचा वायरिंग डायग्राम प्रिंट करून भिंतीला चिकटवा आणि एकेक वायर ताडून घ्या.

हँडलवर उपाय म्हणाल तर नवा रंग खरवडायची गरज नाही. बटणाच्या डब्याचा जो स्क्रू नळीला टेकतो तिथे आतल्या बाजूने, दिसणार नाही अशा जागी, नखाएवढा धातू मोकळा करा. हँडलच्या क्लॅम्पच्या बोल्टखाली दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीचं थिंबल (टोकाची धातूची कडी) धरा आणि ती वायर हेडलाइटच्या डब्यात नेऊन हिरव्या वायरींच्या जुडग्याला जोडा. या गाडीत हिरवा म्हणजे अर्थ. स्टिअरिंगच्या छऱ्यांची मिनतवारी मग करावी लागत नाही.

आता ‘टक्’ या आवाजाकडे येऊ. कधी काहीच नाही आणि कधी टक्, म्हणजे तुमच्याकडे बहुधा दोन दोष आहेत. काहीच होत नाही तेव्हा बटणाचा अर्थ गेलेला असतो. टक् होतं तेव्हा बटणाने काम केलं, रिले ओढला गेला, पण मोटारीला जोर मिळाला नाही.

हा आवाज नीट ऐका. ‘टक्-टक्-टक्-टक्’ असा ताशासारखा वाजत असेल तर बॅटरी अशक्त आहे किंवा करंटच्या वाटेत कुठेतरी अडथळा आहे: रिले ओढला जातो, मोटारीचा भार येताच व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज परत चढतं, पुन्हा ओढला जातो. एकच घट्ट ‘टक्’ असेल तर रिलेच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेले असू शकतात, जाड केबलच्या टोकाला कळंक चढलेला असू शकतो, किंवा मोटारीचे कार्बन (आर्मेचरला करंट देणारे घासते तुकडे) अडकलेले असू शकतात. आणि मोटार घुर्र करून मोकळी फिरते पण इंजिन हलत नाही, असं झालं तर वायरिंगचा काही संबंध नाही. तो मॅग्नेटच्या मागच्या स्टार्टर क्लचचा, त्यातल्या रोलर-स्प्रिंगचा प्रश्न.

‘लाइट झकास लागतात, म्हणजे अर्थिंग ठीक आहे,’ असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असणार. हे वाक्य खानापूरपासून निपाणीपर्यंत प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं आणि ते साफ चूक आहे. हिशोब करून बघा. समजा इंजिन आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये कुठेतरी ०.०५ ओहम इतकाच अडथळा आहे. हेडलाइट साधारण ५ अँपिअर ओढतो. ५ गुणिले ०.०५ म्हणजे पाव व्होल्ट वाया गेला. बल्बकडे बघून तो कुणालाही कळणार नाही. सेल्फची मोटार सुरुवातीच्या झटक्याला ८० अँपिअर मागते असं धरा. ८० गुणिले ०.०५ म्हणजे ४ व्होल्ट वाटेतच गेले. १२ मधले ४ गेल्यावर मोटार काय फिरणार? आणि मीटर ओहमवर लावून हा अडथळा शोधायला जाल तर स्वस्त मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच अडथळा त्याहून जास्त भरतो. कंटिन्युइटीचा ‘बीप’ तर वाजणारच. बीपवर जाऊन आर्मेचरचा निकाल लावणाऱ्याला एवढंच विचारा, की सेल्फ दाबलेला असताना व्होल्ट मोजले का.

ते मोजायला ३०० ते ५०० रुपयांचा साधा डिजिटल मीटर चालतो. त्याला डीसी २० व्होल्टवर लावा. आधी बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून दोन-चार तास नुसती ठेवा. नुसती असताना १२.६ च्या वर दाखवली तर ती भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास अर्धी. १२ च्या आसपास असेल तर तिच्यावर पुढची कुठलीही चाचणी करण्यात अर्थ नाही. मग सेल्फ दाबून बॅटरीच्या दोन पोलांवरच मोजा. साडेनऊ-दहाच्या खाली कोसळली तर बॅटरीच कच्ची, नवी असली तरी. दुकानाच्या फळीवर वर्षभर पडून राहिलेली बॅटरीही बिलावर नवीच असते.

बॅटरी टिकली, तर आता वाटा मोजायच्या. प्लग कॅप काढून त्यांत जादा प्लग घालून ते इंजिनाला टेकवून ठेवा किंवा किल स्विच बंद करा, म्हणजे मधेच इंजिन सुरू होणार नाही. मीटरची लाल सळई बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलवर (थिंबलवर नको, पोलवरच) आणि काळी सळई सेल्फ मोटारीच्या बोल्टवर. मदतनीसाला बटण दाबायला सांगा. मीटर जो आकडा दाखवील तेवढे व्होल्ट जाण्याच्या वाटेत हरवले. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. मग काळी सळई बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर आणि लाल सळई इंजिनाच्या एखाद्या कोऱ्या बोल्टवर. हा परतीचा तोटा. तो ०.२-०.३ च्या आत हवा. तुमच्या गाडीत इथे दोन-तीन व्होल्ट दिसले तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही. मग एकेक टप्पा वेगळा मोजा: पोल ते थिंबल, थिंबल ते फ्रेम, फ्रेम ते इंजिन. आकडा जिथे उडी मारेल तिथे स्पॅनर लावायचा.

आता तिसरं मोजमाप, आर्मेचरवाल्या मेस्त्रीसाठी. एक सळई मोटारीच्या बोल्टवर, दुसरी मोटारीच्या कोऱ्या अंगावर, आणि बटण दाबा. इथे दहाच्या आसपास किंवा जास्त व्होल्ट येतायत आणि मोटार ढिम्म, तर आणि तरच मोटार खोला. खोलल्यावरही आधी कार्बन बघा. झिजून आखूड झाले आहेत का, स्प्रिंग त्यांना दाबते का, खाचेत काळी भुकटी साचून ते अडकलेत का. कॉम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो पट्ट्यांचा भाग) बारीक पॉलिश पेपरने साफ करा, पट्ट्यांमधल्या खाचा टोकदार वस्तूने मोकळ्या करा. बंद पडून राहिलेल्या गाडीची मोटार पुष्कळदा एवढ्यानेच उठते. आर्मेचर खरोखर जळलेलं असेल तर झाकण उघडताच वास सांगतो.

स्क्रूड्रायव्हर किंवा पाना रिलेच्या दोन जाड बोल्टांवर आडवा टाकून सेल्फ फिरवण्याची पद्धत आपल्याकडे फार. तिने निदान होतं हे खरं: बटणाने नुसतं ‘टक्’ होतं आणि आडवा टाकल्यावर मोटार फिरली, तर रिलेचे कॉन्टॅक्ट गेलेत. पण चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि ठिणगी तिथूनच हातभर अंतरावर पडते. पेट्रोलची टाकी वर. वरची व्होल्टची चाचणी तेच उत्तर ठिणगीशिवाय देते, तेव्हा पाना पेटीतच राहू द्या.

परतीच्या वाटेचा उपाय पक्का करा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाच्या बोल्टला १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल टाका. फ्रेमकडे जाणारी मूळ केबलही राहू द्या. थिंबल हातोडीने चेपू नका. उद्यमबागेत इलेक्ट्रिकल काम करणाऱ्या बहुतेकांकडे क्रिंपिंगचं मशीन असतं, थिंबल त्यावर दाबून आणा. बोल्टखालचा रंग थिंबलच्या आकाराएवढा गोल खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा. व्हॅसलीन आवळल्यानंतर, आधी नाही. खानापूरचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला याचं कारण सांगायला नको. तुमच्याकडे जून ते सप्टेंबर गाडी शेडमध्ये उभी असली तरी कपलरच्या पितळी पट्ट्यांवर कळंक चढतो. हेडलाइटच्या डब्यातले सगळे कपलर एकेक करून सोडवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सैल झालेल्या पट्ट्या नाकाड्या पकडीने हलक्या दाबा आणि परत बसवा. अर्धा दिवस जाईल. पण बऱ्याच गाड्या याच अर्ध्या दिवसात बऱ्या होतात.

आता चार्जिंग. इथे मात्र तुमचा स्वतःचाही हात आहे.

दोन फॉग लॅम्प, प्रत्येकी ५५ वॉटचे धरले तर ११० वॉट. १२ ने भागा: ९ अँपिअर. हेडलाइटचा हॅलोजन ५५-६० वॉटचा, म्हणजे आणखी ५. टेललाइट आणि दोन इग्निशन कॉइल वेगळ्या. या गाडीची बॅटरी मुळात १२ अँपिअर-आवरची, म्हणजे १२ अँपिअर तासभर पुरवेल एवढी. नुसत्या फॉग लॅम्पनीच ती सव्वा तासात रिकामी होऊ शकते. १९७२ च्या या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर वीज तयार करणारा भाग) त्या काळच्या मोजक्या दिव्यांच्या हिशोबाने बांधलेला आहे, आणि आयडलिंगला तर तो जवळपास काहीच देत नाही. खडेबाजारच्या गर्दीत फॉग लावून अर्धा तास रांगलात, की तो सगळा वेळ खर्च बॅटरीच्या खात्यावर. म्हणून मोठी बॅटरी हा उपाय नाही. विहिरीलाच पाणी कमी असताना टाकी मोठी बांधून काय होणार? फॉग लॅम्प काढा. घाटातल्या धुक्यासाठी हवेच असतील तर १०-१५ वॉटचे एलईडी लावा, रिले घालून, वेगळ्या फ्यूजवर.

रात्रीच बॅटरी बसते असं तुम्ही लिहिलंत, त्याला आणखी एक कारण असू शकतं. या गाडीच्या स्टेटरमधून (अल्टरनेटरच्या स्थिर कॉइलमधून) तीन वायरी बाहेर येतात. तीन दिसल्या म्हणून तिला थ्री-फेज समजू नका. ती सिंगल-फेजच आहे, फक्त कॉइलचा एक हिस्सा वेगळा काढलेला आहे. दिवसा दिवे बंद असताना अर्धवट कॉइलच कामाला असते, नाहीतर बॅटरी उकळेल. हेडलाइटचा स्विच दाबला की त्याच स्विचमधून उरलेला हिस्सा जोडला जातो. म्हणजे तो स्विच एकीकडे दिवा लावतो आणि दुसरीकडे जनरेशन वाढवतो. पन्नास वर्षांच्या स्विचचा दिव्याकडचा कॉन्टॅक्ट चांगला आणि कॉइलकडचा काळा पडलेला असेल, तर दिवा लागतो पण जादा वीज येत नाही. रात्र पडली की खर्च दुप्पट, उत्पन्न तेवढंच. स्विच खोलून साफ करायला पैसे लागत नाहीत, स्प्रिंग उडून हरवणार नाही एवढी काळजी घ्या. खाली जुनं धोतर पसरून मगच खोला.

मोजायचं कसं? भरलेली बॅटरी, इंजिन गरम, ४,००० ते ५,००० आरपीएम, मीटर बॅटरीच्या पोलांवर. दिवे बंद ठेवून साधारण १४ ते साडेचौदा आले तर उत्तम. १३ च्या खालीच अडकलं तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) काम करत नाही, आणि बॅटरीचं पाणी वारंवार कमी होणार. मग हेडलाइट लावा. थोडं उतरून स्थिरावलं तर स्विच आणि कॉइल ठीक. साडेबाराच्या खाली घसरत राहिलं तर वरच्या परिच्छेदाकडे परत जा.

चार्जिंग नाहीच असं दिसलं तर स्टेटरचे कपलर सोडवून मीटर एसी व्होल्टवर घ्या. दोन-दोन वायरींमध्ये मोजा. रेस वाढवली की आकडा चढत गेला पाहिजे. इंजिन बंद करून प्रत्येक वायर आणि इंजिनाचं अंग यांत कंटिन्युइटी बघा. ती असता कामा नये. या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर चार्जिंग कॉइल चांगली आहे आणि दुसऱ्या मेस्त्रीचा अंदाज बाद. कॉइल खरंच गेली असेल तरी परदेशातून मागवायची घाई नको. बेळगाव, संकेश्वर, निपाणी, चिकोडी, शेतीपंपाच्या मोटारी गुंडाळणारे हात या भागात सगळीकडे आहेत. जुनी कॉइल उलगडताना प्रत्येक बॉबिनचे वेढे मोजायला लावा, तारेचा गेज मायक्रोमीटरने मोजायला लावा, गुंडाळण्याची दिशा लिहून घ्या आणि शेवटी वॉर्निश भट्टीत भाजून पक्कं करून घ्या. इंजिनाच्या गरम तेलाशी गाठ आहे, हवेवर वाळवलेलं वॉर्निश तिथे टिकत नाही.

कॉइल चांगली आणि तरी चार्जिंग नाही, तर रेक्टिफायर, म्हणजे कॉइलच्या एसीचं डीसी करणारा भाग. त्या काळी तो सेलेनियमच्या चौकोनी पत्र्यांचा असे, एका बोल्टवर एकामागे एक ओवलेले. मूळचाच असेल तर त्याला निवृत्ती द्या. वय झालं की सेलेनियम चालत्या दिशेला कमी सोडतो आणि उलट्या दिशेला गळतो. म्हणजे गाडी उभी असतानाही बॅटरी हळूहळू उतरते. हे तपासायला इग्निशन बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा आणि केबल व पोल यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावा. अशा साध्या गाडीत आकडा शून्याला टेकलेला हवा. (मीटर अँपिअरवर असताना चुकूनही सेल्फ दाबू नका, मीटर जळेल.) काढताना पत्र्यांना धरणारा नट पिळू नका, जुना पीस पेटीत जपून ठेवायचा असेल तर तो अखंड राहील. आणि सेलेनियम कधी जळालाच तर नासक्या मुळ्यासारखा घाण वास सुटतो. तो धूर विषारी असतो. नाक लावून खात्री करायला जाऊ नका, बाजूला व्हा.

त्याच्या जागी सिंगल-फेज, फुल-वेव्ह (एसीच्या दोन्ही बाजू वापरणारं), रेग्युलेटरसकट एकच युनिट बसवा. इथेच एक चूक होते. आपल्या बाजारात सहज मिळणारी बरीच युनिटं अशा गाड्यांची असतात जिथे कॉइलचं एक टोक इंजिनाला अर्थ केलेलं असतं आणि हेडलाइट थेट एसीवर चालतो. तुमची कॉइल दोन्ही टोकांनी मोकळी आहे. तिला ते युनिट लावलंत तर पुरेसं चार्जिंग मिळणार नाही, आणि पुन्हा कॉइलवर आळ येणार. दुकानदाराला ‘बुलेटची प्लेट द्या’ असं न म्हणता दोन एसी इनपुट, फुल-वेव्ह, १२ व्होल्ट असं सांगून घ्या. युनिटचं अंग कोऱ्या धातूवर बसवा, नाहीतर तिथेही पावडर कोटिंग आडवं येईल. शिवाय त्याच्या हिरव्या वायरीची जोडणी सरळ बॅटरीच्या निगेटिव्हकडे न्या. परतीच्या वाटेत अडथळा असला की रेग्युलेटरला वाटतं साडेचौदा झाले, आणि बॅटरीला प्रत्यक्षात साडेतेराच मिळतात. सेल्फ न लागणं आणि बॅटरी बसणं या तुमच्या दोन तक्रारी इथे एकमेकींना भेटतात.

हेडलाइटही एलईडी करायचा विचार असेल तर हे लक्षात घ्या: दिव्याचा खर्च २० वॉटवर येईल, पण स्विच जादा कॉइल जोडतच राहील. उरलेली वीज सांभाळणं रेग्युलेटरचं काम. म्हणून आधी चांगलं युनिट, मगच एलईडी.

बॅटरी बसल्यावर किकही लागत नाही, याने तुम्ही घाबरलेले दिसता. त्यात दोष काही नाही. तुमच्या गाडीचं इग्निशन बॅटरीवर चालतं: बॅटरी, पॉइंट, कॉइल. व्होल्टेज पडलं की ठिणगी मेली. शेजाऱ्याची राजदूत किंवा आरएक्स १०० बॅटरी काढून टाकली तरी किकवर उठते, कारण त्यांची ठिणगी इंजिन फिरताना स्वतःच वीज करणाऱ्या मॅग्नेटोच्या कॉइलमधून येते. दोघांची तुलना करून काकांच्या गाडीला कमी लेखू नका. फक्त बॅटरी काढून गाडी धकवायचा प्रयोग कुणी सुचवला तर ऐकू नका. बॅटरीशिवाय चालणाऱ्या इंजिनात व्होल्टेज वाटेल तसं उसळतं आणि बल्ब, रेग्युलेटर घेऊन जातं. फ्रेमला वेल्डिंग करायचं असेल तेव्हाही बॅटरी आणि रेग्युलेटर दोन्ही सोडवून ठेवा.

या निमित्ताने ज्यांच्याकडे सहा व्होल्टची जुनी बुलेट, येझदी, राजदूत आहे त्यांनाही दोन शब्द. तुमच्याकडे सेल्फ नाही, पण अर्थिंगचं दुखणं तुम्हाला दुप्पट आहे. ३५ वॉटचा दिवा १२ व्होल्टवर ३ अँपिअर घेतो, तोच सहावर ६ घेतो. आणि अर्धा व्होल्ट हरवला तर तुमचे आठ टक्के गेले, त्यांचे चारच. बुलेटच्या हेडलाइटमागे अँमीटर असेल तर तो शोभेचा समजू नका. गाडी पळत असताना काटा उणे बाजूला झुकलेला राहिला तर घरी पोचायच्या आतच कळतं. निपाणीकडच्या एका येझदीची बॅटरी आठवड्याला बसायची; कॉइल, रेक्टिफायर, बॅटरी सगळं बदलून झालं होतं. मागच्या ब्रेकच्या स्विचची स्प्रिंग ताणून बसवलेली, त्यामुळे ब्रेकलाइट सतत चालू. उन्हात ते कुणाच्या लक्षात येणार! जुन्या ब्रिटिश बीएसए, ट्रायम्फवाल्यांनी बॅटरी जोडण्याआधी हेही बघावं की गाडीला पॉझिटिव्ह अर्थ तर नाही ना. त्यात बरीच मॉडेलं तशी आहेत, आणि सवयीने निगेटिव्ह फ्रेमला जोडला की नवं सिलिकॉनचं युनिट एका क्षणात जातं.

नव्या गाडीचं वायरिंग टाकायचा सल्ला मला पटत नाही. तुमच्या गाडीचं मूळ वायरिंग इतकं साधं आहे की अख्ख्या गाडीला मुळात एकच फ्यूज. ते एका संध्याकाळी समजून घेता येतं. नव्या गाडीच्या हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात) तुमच्या गाडीत नसलेल्या वस्तूंसाठी पन्नास कपलर लोंबकळत राहतील, आणि पुढच्या मेस्त्रीच्या हातात डायग्राम नसलेली गाडी पडेल. इन्सुलेशन कडक होऊन तडकलं असेल तर त्याच रंगांच्या, त्याच जाडीच्या नव्या वायरींनी जुन्याचीच नक्कल बांधून घ्या. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली आहे का, तेही एकदा उघडून बघा. खोलीत पडून राहिलेल्या गाड्यांत ती हमखास सापडते. १५ अँपिअरचा फ्यूज घाला, आणि दोन जादा सीटखाली ठेवा.

खंडेनवमीला अजून वेळ आहे, पण सगळं एकदम हातात घेऊ नका. आधी अर्थिंगच्या दोन केबल, एक इंजिनाची आणि एक हँडलची. त्यानंतर कपलर आणि हेडलाइटचा स्विच साफ करा, फॉग लॅम्प उतरवा. मग वर सांगितलेले आकडे घ्या: बॅटरी नुसती असताना, सेल्फ दाबून, जाण्याच्या आणि परतीच्या वाटेतला तोटा, ५,००० आरपीएमला दिव्यासकट आणि दिव्याविना. ते एका कागदावर लिहून मला पाठवा. सेल्फ तोवर लागू लागला तर आर्मेचरचे पैसे वाचले. त्यातून रेग्युलेटरचं युनिट घ्या. आणि आकडे येईपर्यंत घाट नको. जांबोटीपर्यंत दिवसाउजेडी जाऊन या, परत आल्यावर बॅटरी मोजा, ती १२.५ च्या वर राहिली तर पुढचं बोलू.